तोच माणूस, दोन राजवटी: ओबासांजोंची तुलना कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.ए.च्या प्रबंधासाठी नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासांजो तुम्ही घेतले आहेत. ते १९७६ ते १९७९ लष्करी राज्यकर्ते होते आणि १९९९ ते २००७ निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष. 'लष्करी काळात आक्रमक, नागरी काळात समजुतीचं' असं परराष्ट्र धोरणाचं गृहीतक मार्गदर्शकांनी सुचवलंय. तुम्हाला ते पटतंय, पण पुरावे गोळा करायला बसलं की निम्मे उलट बाजूला जातात. तर गृहीतक बदलायचं की पुरावे निवडून घ्यायचे?

पुरावे निवडून घेऊ नका, एवढं आधी सांगतो. पुरावे उलटे जातायत म्हणजे तुम्ही मन लावून वाचताय.

मी तीसेक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्याआधी १९७८ ते १९८२ नायजेरियात, ओयो राज्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक होतो. त्या काळात भारतातून कितीतरी शिक्षक तिकडे जायचे, त्यांतलाच मी एक. त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच कुतूहल आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

'एकच नेता, दोन राजवटी' हा विषय प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखा दिसतो. माणूस तोच, फक्त गणवेश काढून आगबादा, म्हणजे तिकडचा पारंपरिक घोळदार झगा, चढवला, म्हणजे जो फरक दिसेल तो राजवटीचा, असं वाटतं. पण १९७९ आणि १९९९ यांच्यामध्ये वीस वर्षं आहेत. तेवढ्यात शीतयुद्ध संपलं, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका संपली, नायजेरियाची तिजोरी भरलेली होती ती रिकामी झाली आणि हा माणूस स्वतः तीन वर्षं तुरुंगात राहून आला. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची असते, इथे पाच बदलल्या. म्हणून 'राजवटीमुळे फरक पडला का' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी विचारा, प्रत्येक निर्णयाच्या वेळी खिशात काय होतं, समोर कोण होतं आणि घरात कोणाचा होकार लागत होता. हे तिन्ही हिशेब झाल्यावर जे उरेल ते राजवटीचं किंवा स्वभावाचं.

खिशापासून सुरू करतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९७९ च्या जुलैअखेर लागोसने, म्हणजे तेव्हाच्या राजधानीतल्या सरकारने, ब्रिटिश पेट्रोलियमचा नायजेरियातला कारभार ताब्यात घेतला. दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, झांबियाच्या लुसाकामध्ये राष्ट्रकुल परिषद सुरू होत होती. मार्गारेट थॅचर मे महिन्यात पंतप्रधान झालेल्या होत्या आणि ऱ्होडेशियातलं (आजचा झिम्बाब्वे) गोऱ्यांच्या सोयीचं मुझोरेवा सरकार त्या मान्य करणार अशी सगळ्यांना धास्ती होती. सरकारने वरवर कारण दिलं ते दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या तेलाचं. खरा संदेश लुसाकात बसलेल्या थॅचरबाईंना होता. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, इतका साधा हिशेब. आमच्या गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर काही दिवसांनी एक पोरगा शिडीवर चढून पाटीवरची 'बीपी' अक्षरं खरवडत होता. पुढे तिथे 'एपी' आलं, आफ्रिकन पेट्रोलियम. पंपावर रांगेत उभे असलेले लोक त्याला वरून खाली सूचना देत होते आणि हसत होते. परराष्ट्र धोरण इतक्या जवळून मी नंतर कधी पाहिलं नाही.

(थॅचर यांनी पुढे मुझोरेवांना मान्यता दिली नाही, भूमिका बदलली, ती यामुळेच का? मला तसं वाटत नाही. त्यांचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन आणि त्यांचं खातं आधीच त्यांना वळवत होतं. पण दबावात या निर्णयाची भर पडली, एवढं म्हणता येतं. डिसेंबरात लंडनला ऱ्होडेशियाबद्दलचा लँकेस्टर हाउसचा करार झाला आणि एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला.)

हे धाडस कशामुळे जमलं? तुमचं गृहीतक म्हणतं, लष्करी राजवट होती म्हणून. एक डिक्री काढली, काम झालं, संसदेत कोणी हात वर करायचा नव्हता. त्यात तथ्य आहे. पण त्या वर्षी तेलाचे भाव इराणच्या क्रांतीमुळे भडकलेले होते आणि अमेरिकेला तेल विकणाऱ्यांत नायजेरिया सौदी अरेबियाच्या खालोखाल होता. त्या तेलाला दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. तेल बॅरलला दहा डॉलर असताना हाच हुकूम कोणत्याही लष्करशहाने काढून दाखवावा.

१९९९ मध्ये नेमकं तेच झालेलं होतं. ते निवडून आले त्याच्या दोन-तीन महिने आधी तेल दहा डॉलरच्या आसपास लोळत होतं. वर सुमारे २८ अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज होतं, त्यातलं बरंचसं पॅरिस क्लब या सावकार देशांच्या गटाचं, म्हणजे ज्यांच्यावर डोळे वटारायचे त्यांचंच. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. मग हा माणूस देशोदेशी फिरायला लागला, इतका की लागोसची वर्तमानपत्रं त्याच्या परदेश दौऱ्यांची मोजदाद छापायची आणि घरी किती दिवस असतो ते उपहासाने सांगायची. २००५ च्या ऑक्टोबरात पॅरिस क्लबने ३० अब्जांतले १८ अब्ज सोडले आणि उरलेले १२ अब्ज नायजेरियाने भरायचे ठरले. एप्रिल २००६ मध्ये ते भरून झाले. भरता आले, कारण तोवर तेल पन्नास डॉलरच्या वर गेलेलं होतं. अर्थमंत्री न्गोझी ओकोन्जो-इवेआला यांची चिकाटी होतीच, पण तेलाचा भाव त्यांच्या बाजूने होता.

इथे एक बारीक गोष्ट सुटू देऊ नका. या कर्जाच्या डोंगराचा पहिला मोठा दगड १९७८ चा, एक अब्ज डॉलरचा, तिकडे 'जंबो लोन' म्हणतात तो. तेव्हा राज्यकर्ते कोण होते? हेच. लष्करी ओबासांजोंनी घेतलेल्या वळणाची फेड नागरी ओबासांजोंनी केली. प्रबंधात दोन वेगळे रकाने करून लिहिलंत तर हा दुवा दिसणारच नाही.

आता समोर कोण होतं ते बघू. यासाठी दोन राजवटींची तुलना करायचीही गरज नाही, एकाच लष्करी राजवटीत उत्तर मिळतं. १९७६ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांना लागोसने येऊ दिलं नाही. अंगोलातल्या यादवीची जखम ताजी होती. नायजेरियाने तिथल्या डाव्या एमपीएलए पक्षाच्या सरकारला मान्यता दिली होती आणि अध्यक्ष फोर्ड यांनी आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांना त्याविरुद्ध पत्रं धाडली होती. त्यानंतर ऑक्टोबर १९७७ मध्ये ओबासांजो वॉशिंग्टनला गेले आणि १९७८ च्या मार्चअखेर जिमी कार्टर लागोसला आले. सहारापलीकडच्या आफ्रिकेत अमेरिकी अध्यक्षाची ती पहिली अधिकृत शासकीय भेट. मी त्यानंतर काही महिन्यांनी पोचलो तेव्हाही लोक त्याबद्दल बोलायचे. लागोसमध्ये राजवट तीच, माणूस तोच. बदललं ते वॉशिंग्टन. फोर्ड-किसिंजर गेले आणि कार्टर आले, संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे राजदूत म्हणून अँड्र्यू यंग आले. या बदलाला तुमच्या 'आक्रमक लष्कर' गृहीतकात जागा कुठे आहे? म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचो, दोन काळांची तुलना करण्याआधी एकाच काळाच्या आत किती चढउतार आहेत ते मोजा.

तिसरा हिशेब, घरातला होकार. यात सगळ्यांची ठाम समजूत चुकते. लष्करशहा म्हणजे एकटा निर्णय घेणारा आणि लोकशाही म्हणजे दहाजणांना विचारून घेणारा, असं आपण धरून चालतो. ओबासांजोंच्या बाबतीत मला निम्मंशिम्मं उलटं दिसतं.

१९७६ च्या १३ फेब्रुवारीला राष्ट्रप्रमुख जनरल मुर्तला मोहम्मद यांची लागोसमध्ये गाडीतच हत्या झाली. कट फसला आणि क्रमांक दोनचे ओबासांजो दुसऱ्या दिवशी राष्ट्रप्रमुख झाले. उठाव करून आलेला माणूस नव्हे हा, मित्राच्या रक्तावरून खुर्चीत बसवला गेलेला. धोरणही त्याला तयार मिळालं. अंगोलाचा निर्णय मुर्तलांच्या काळातला, परराष्ट्र धोरणाचा फेरविचार करायला नेमलेली आदेदेजी समिती मुर्तलांच्या काळातली, परराष्ट्र खात्याचे जोसेफ गार्बाही तेच. लागोसच्या डोडन बरॅक्समध्ये बसणारं सर्वोच्च लष्करी मंडळ डोक्यावर होतं, आणि त्यातल्या कोणालाही उठाव कसा करतात हे शिकवावं लागत नव्हतं. असा राज्यकर्ता सहकाऱ्यांना विचारूनच चालतो. वर्णद्वेषविरोधी लढ्यासाठी १९७६ च्या शेवटी मदतनिधी निघाला आणि सरकारी नोकरांच्या पगारातून पैसे कापले जायचे. ऑगस्ट १९७७ मध्ये लागोसला जागतिक परिषद भरली. यांतलं काहीच एका माणसाच्या लहरीचं दिसत नाही.

नागरी काळात नव्या राजधानीत, अबुजाच्या आसो रॉक या राष्ट्राध्यक्ष निवासात बसलेले ओबासांजो मात्र परराष्ट्र धोरणाच्या मोठ्या गोष्टी स्वतःच हाताळायचे. दक्षिण आफ्रिकेचे थाबो म्बेकी, अल्जीरियाचे बुतेफ्लिका, सेनेगलचे वाद यांच्याबरोबर नेपाडची, म्हणजे आफ्रिकेच्या विकासासाठीच्या संयुक्त योजनेची, आखणी ही राष्ट्राध्यक्षांची आपापसातली बोलणी होती. जुलै २००३ मध्ये साओ तोमे अँड प्रिन्सिपे या छोट्या बेटदेशात उठाव झाला तेव्हा तिथले अध्यक्ष मेनेझेस नायजेरियातच होते. आठवड्याभरात ओबासांजो स्वतः त्यांना विमानात घेऊन गेले आणि खुर्चीत परत बसवून आले. दुसऱ्या देशात असं स्वतः जाऊन दाखवायला लष्करी काळात ते धजले असते का, माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

आणि आता बाकासी. माझं ऐकाल तर सगळा प्रबंध याच एका प्रकरणावर उभा करा.

बाकासी म्हणजे नायजेरिया-कॅमेरून सीमेवरचं खारफुटीचं द्वीपकल्प. मासेमारीची गावं, आजूबाजूच्या समुद्रात तेलाची शक्यता. १ जून १९७५ ला नायजेरियाचे लष्करी प्रमुख गोवॉन यांनी कॅमेरूनच्या अहिजो यांच्यासह मारूआ इथे सागरी सीमेच्या जाहीरनाम्यावर सही केली. दोन महिने व्हायच्या आत गोवॉन पदच्युत झाले आणि नव्या लष्करी राजवटीने, जिच्यात ओबासांजो दुसऱ्या क्रमांकावर होते, तो जाहीरनामा मानला नाही. प्रकरण चिघळत गेलं. १९९४ मध्ये कॅमेरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे नायजेरियाने मारूआबद्दल काय युक्तिवाद केला ते बघा: सर्वोच्च लष्करी मंडळाने अनुमोदन दिलेलं नव्हतं, म्हणून राष्ट्रप्रमुखाची सही बंधनकारक नाही! म्हणजे लष्करी राज्यकर्त्यालाही घरचा होकार लागत होता, असं खुद्द नायजेरियाचं म्हणणं. न्यायालयाने ते फेटाळलं. राष्ट्रप्रमुखाने सही केली म्हणजे देशाने केली, समोरच्याने तुमच्या घरातले नियम तपासत बसावं अशी अपेक्षा धरता येत नाही. १० ऑक्टोबर २००२ ला निकाल कॅमेरूनच्या बाजूने लागला.

आता अध्यक्ष कोण? नागरी ओबासांजो. सैन्य त्यांच्या ताब्यात, जनमत निकालाच्या विरुद्ध, बाकासीतले बरेच रहिवासी स्वतःला नायजेरियन समजणारे. तरीही संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने बोलणी झाली आणि १२ जून २००६ ला न्यूयॉर्कजवळ ग्रीनट्रीला त्यांनी करारावर सही केली. १४ ऑगस्टला सैन्य मागे फिरलं. आणि मग? त्यांनी पद सोडल्यावर, नोव्हेंबर २००७ मध्ये, नायजेरियाच्या सिनेटने ठराव केला की घटनेच्या कलम १२ प्रमाणे कराराला संसदेचं अनुमोदन घेतलेलं नाही, म्हणून तो मान्य नाही. पण तोवर वेळ गेली होती. ऑगस्ट २००८ मध्ये उरलेलंही हस्तांतर झालं.

एकाच जमिनीबद्दल एकच तक्रार दोनदा: 'सही करणाऱ्याने घरात विचारलं नाही.' पहिल्यांदा ती लष्करी मंडळाच्या नावाने, दुसऱ्यांदा सिनेटच्या. गोवॉन यांची सही हेगच्या निकालापर्यंत नुसती कागदावर राहिली, कारण पुढच्यांनी ती नाकारली. ओबासांजोंची टिकली, कारण मागे हेगचा निकाल आणि संयुक्त राष्ट्रं होती. राजवट लष्करी की नागरी, याने कागदावर फरक पडला, कलम १२ आलं. व्यवहारात तो किती पडला हा प्रबंधाचा खरा प्रश्न.

झिम्बाब्वेचा धागा याच जातीचा आहे. ज्या देशासाठी १९७९ मध्ये बीपीवर घाव घातला, त्याच देशाला मार्च २००२ मध्ये राष्ट्रकुलाच्या कारभारातून निलंबित करणाऱ्या त्रिकुटात ओबासांजो बसले होते, म्बेकी आणि ऑस्ट्रेलियाच्या जॉन हॉवर्ड यांच्यासोबत. डिसेंबर २००३ मध्ये अबुजातच राष्ट्रकुल परिषद भरली, आपले वाजपेयीही गेले होते. तिथे निलंबन पुढे चालू राहिलं आणि झिम्बाब्वेचे अध्यक्ष मुगाबे यांनी रागाने देशच राष्ट्रकुलातून बाहेर काढला. 'लोकशाहीत मवाळ' म्हणावं, तर मुगाबेंना विचारा! साक्षात्कार वगैरे नव्हे हा. १९९५ मध्ये तेव्हाच्या लष्करी राजवटीने लेखक-कार्यकर्ते केन सारो-विवांना फासावर दिल्यावर नायजेरिया स्वतः राष्ट्रकुलातून निलंबित झालेला होता आणि ओबासांजोंच्या शपथविधीच्या दिवशी, २९ मे १९९९ ला, परत आत आला होता. वाळीत पडणं काय असतं ते त्या देशाने नुकतंच भोगलं होतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो, नाहीतर माझंच म्हणणं तुम्ही नवं गृहीतक म्हणून डोक्यावर घ्याल. परराष्ट्र धोरण म्हणजे तुम्ही काय धरता यावर बरंच आहे. भाषणं आणि मतदान धराल तर दोन काळांत सूर वेगळा नक्की ऐकू येईल, कारण १९७७ ची भाषाच तशी होती, सगळ्या आफ्रिकेची. निर्णय धराल तर फरक कमी होत जातो. निर्णयाची पद्धत धराल तर माझ्या मते तो उलटा होतो, पण हे माझं वाचन. युद्धगुन्ह्यांचे आरोप असलेले लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचं प्रकरण घेऊन कोणी मला खोडून काढू शकेल. त्यांना ऑगस्ट २००३ मध्ये नायजेरियातल्या कलाबारला आसरा दिला तो ओबासांजोंच्या शब्दावर. मार्च २००६ मध्ये टेलर पळाले, कॅमेरूनच्या सीमेवर सापडले आणि त्याच दिवशी ओबासांजो व्हाइट हाउसमध्ये बुश यांच्यासमोर बसले होते. हा एकट्याचा कारभार म्हणायचा की वॉशिंग्टनच्या दाबाखालचा? दोन्ही बाजूंनी लिहिता येईल.

पडताळणीसाठी शेजारची दोन माणसं घ्या, प्रत्येकी तीन-चार पानंच. पहिले मुहम्मदू बुहारी. लष्करी राज्यकर्ते असताना १९८४ मध्ये त्यांनी नायजेरियाच्या सीमा बंद केल्या. निवडून आल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा बंद केल्या, तस्करी रोखायची म्हणून, त्या डिसेंबर २०२० मध्ये उघडायला लागल्या. मधल्या पस्तीस वर्षांत जग बदललं, राजवट बदलली, माणसाचा हात मात्र त्याच कडीकडे गेला. इथे स्वभावाचं पारडं जड. दुसरे घानाचे जेरी रॉलिंग्ज. ते १९८१ ला उठाव करून आले, १९९२ मध्ये निवडणूक लढवून तेच राष्ट्राध्यक्ष झाले, मधे खंड नाही. आणि पाश्चात्त्य देश, नाणेनिधी यांच्याकडे त्यांचं वळण कधी? १९८३ मध्ये, लष्करी काळातच, तिजोरी आटल्यावर. मतपेटी नऊ वर्षांनी आली. ओबासांजोंपेक्षा रॉलिंग्ज तुलनेला खरं तर स्वच्छ, पण तुम्ही नाव नोंदवून बसलात, आता बदलू नका.

एक अवांतर. ओबासांजो १९६५ मध्ये भारतात शिकून गेलेत, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात आणि पुण्यातल्या लष्कराच्या अभियांत्रिकी शाळेत. २००० च्या प्रजासत्ताक दिनाला ते दिल्लीत प्रमुख पाहुणे होते. पुणेकर विद्यार्थ्यांना यावर एक आख्खं प्रकरण लिहायचा मोह होतो, मी दोघांना त्यातून बाहेर काढलंय. तळटीप पुरे.

आता कामाचं. मार्गदर्शकांशी भांडू नका, त्यांचं गृहीतक तसंच ठेवा आणि 'तपासलं, असं निघालं' म्हणून लिहा. गृहीतक खोटं ठरलं म्हणून कोणाचे गुण कापलेले मी पाहिले नाहीत, ओढूनताणून खरं केलं म्हणून पाहिलेत. कालक्रमाने दोन भाग पाडण्याऐवजी प्रकरणं विषयाने पाडा: तेल आणि कर्ज, दक्षिण आफ्रिका-झिम्बाब्वे, बाकासी. प्रत्येकात दोन्ही ओबासांजो समोरासमोर येतील. कार्टर काळातली अमेरिकी परराष्ट्र खात्याची कागदपत्रं आता खुली आहेत आणि हेगचा निकाल पूर्ण वाचायला मिळतो. मारूआबद्दलचा भाग आधी वाचा, बाकीचा नंतर. लांबलचक आहे, पण कंटाळवाणा नाही. वाचून झाल्यावर बाकासीच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा आधी लिहून बघा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी.